गुलाब कुणी छापून दिला नव्हता

दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली भाचीला उद्देशून ‘वाच एकदा’. पोरीला बारावीनंतर टेक्स्टाइल डिझाइनला जायचंय, त्यातही भरतकामात. फॉरवर्ड म्हणतो, भरतकाम ही काही कला नव्हे. नक्षी पुरुषांनी काढायची, बायकांनी दोरा भरायचा, जगभर हेच चालत आलंय. पुरावा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या कलाशाळेत भरतकाम शिकवणाऱ्या जेसी न्यूबेरीचा: मुख्याध्यापकाच्या बायकोचा वेळ जाईना म्हणून नवऱ्याने वर्ग काढून दिला, आणि तिथल्या भरतकामातला प्रसिद्ध गुलाबसुद्धा ग्लासगोचा वास्तुकार मॅकिंटॉश याचा. शेवटी अर्थातच, ‘असल्या शिक्षणाला पुढे काही नाही.’ रात्री भाचीचा फोन, ‘आत्या, खरंय का गं हे?’

नवऱ्याचं आधी उरकते. फ्रान्सिस न्यूबेरी १८८५ पासून ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख होते, त्याचा बाईंना फायदा झाला असणारच. मान्य. पण जेसी रोवॅट, हे बाईंचं माहेरचं नाव, १८८४ मध्येच तिथे विद्यार्थिनी होती. लग्न १८८९ चं, भरतकामाचा वर्ग १८९४ चा. म्हणजे शाळेत बायको आधी आली, नवरा मागून. वडील पेझलीचे शालींचे कारखानदार. आपल्या कोयरीला इंग्रजीत ज्या गावाचं नाव पडलंय, ते हेच पेझली.

आता ‘नक्षी पुरुषांची, टाके बायकांचे’. इथे माझं डोकं फिरलं. अर्धं खरं आहे, पण ते लंडनचं. १८७२ मध्ये तिथे कलात्मक सुईकामाची शाळा निघाली, पुढे तिला ‘रॉयल’ लागलं. तिथे विल्यम मॉरिस, वॉल्टर क्रेन अशा नावाजलेल्या पुरुष कलाकारांच्या नक्ष्यांवर बायका टाके घालत. फॉरवर्डवाल्याने लंडनचं धोतर ग्लासगोला नेसवलं.

न्यूबेरीबाईंच्या वर्गात जिची नक्षी तिचेच टाके. हे केवढं वेगळं आहे ते माझ्यासारखीला कळेल. आमच्या शिवणक्लासात बाई ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून, रॉकेलमध्ये नीळ कालवून, बोळ्याने अभ्र्यावर नक्षी छापून द्यायच्या. प्रत्येकीच्या अभ्र्यावर तीच दोन बदकं. चोचीला केशरी, पाण्याला निळा, झालं भरतकाम! ग्लासगोचा गुलाब असा नाही होत. गुलाबी लिननचा एक गोल कापायचा, कापडावर ठेवायचा आणि साटीन टाक्याच्या वळणदार रेघांनी तो बसवता बसवता त्यातच पाकळ्या पाडायच्या. आता सांगा, यातलं चित्र कुठे संपलं आणि टाका कुठे सुरू झाला?

आणि वेळ जात नव्हता म्हणे! १८९७ च्या ‘द स्टुडिओ’ मासिकात या बाईंची भूमिका छापलेली आहे: मिरपुडीच्या डबीची नक्षी ही तिच्या परीने कॅथेड्रलच्या कल्पनेइतकीच महत्त्वाची. टाइमपास करणारी बाई असं बोलत नाही.

गुलाब मॅकिंटॉशनेही वापरला, भरपूर वापरला. दोन्ही कुटुंबांचा घरोबा होता, गुलाब इकडून तिकडे गेला असेल. पण कापडाचा गोल लावून तो करण्याची रीत न्यूबेरीबाईंच्याच नावाने सांगतात.

राहिलं ‘पुढे काही नाही’. त्यांची विद्यार्थिनी ॲन मॅकबेथ १९०८ मध्ये त्यांच्या जागी विभागप्रमुख झाली. तिने १९१० मध्ये लिननच्या तुकड्यांचा एक बॅनर केला. मताच्या हक्कासाठी तुरुंगात जाऊन उपोषण केलेल्या ८० बायकांच्या सह्या त्यावर दोऱ्याने भरलेल्या आहेत. तो लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. दादा, तुझा फॉरवर्ड कुणी जपणार आहे का?

भाचीने आज जुन्या ओढणीचा गोल कापून पाहिला. कडेचे दोरे सुटतायत म्हणून फोटो पाठवलाय. कड आत दुमडून आधी कच्चा धावदोरा घाल, म्हटलंय.