काकांना आलेला 'इंडिपेंडंट डायरेक्टर व्हा' मेसेज आणि त्यातलं खोटं

गेल्या आठवड्यात रविवारी सकाळी साडेसातला काकांचा फोन. "अगं, ते डिजिटल सही का काय असतं ना, ते मला काढून दे. आणि डायरेक्टरला लागतो तो डिन नंबर पण. मी डायरेक्टर होतोय." मी अजून चहा पण घेतला नव्हता.

काका अडुसष्ट वर्षांचे, बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, पुण्यात सहकारनगरला राहतात आणि रोज पहाटे तळजाई टेकडीवर फिरायला जातात. तिथल्या फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे, त्यात हा मेसेज आला होता आणि त्याच आठवड्यात ओळखीतल्या एकाने त्यांना विचारलंही होतं की आमच्या कंपनीत इंडिपेंडंट डायरेक्टर म्हणून, म्हणजे मालकाशी संबंध नसलेला बाहेरचा संचालक म्हणून, या. दोन्ही गोष्टी जुळून आल्या आणि काका खूश. मेसेज मी मागवून घेतला, नंतर तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणजे पुण्यातल्या निम्म्या रिटायर्ड माणसांपर्यंत तरी पोचला असणार. त्यात थोडक्यात असं आहे:

सरकारने निवृत्तांना सुवर्णसंधी दिली आहे. इंडिपेंडंट डायरेक्टरला एका मीटिंगचे एक लाख रुपये कायद्यानेच मिळतात. वर्षाला चारच मीटिंग, जायचं, चहा घ्यायचा, सही करायची. सरकारी डेटाबँकेत नाव घातलं की कंपन्या आपणहून बोलावतात. कलम १४९(१२) प्रमाणे जबाबदारी शून्य, कोणी हात लावू शकत नाही. नाहीतरी सगळं मालकच ठरवतात, डोक्याला ताप नाही. आणि काही झालंच तर राजीनामा द्या, विषय संपला.

मी सोळा वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते, बोर्ड मीटिंगची मिनिट्स, म्हणजे कोण काय बोललं आणि काय ठरलं याची नोंद, लिहिणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हे वाचून माझा संताप झाला. काकांना फोनवर सगळं सांगितलं, पण तळजाई ग्रुपवर अजून चाळीस काका आहेत, म्हणून लिहितेय.

पैशाचं आधी संपवते. एक लाख ही कमाल मर्यादा आहे. नियमात म्हटलंय की बोर्डाच्या किंवा कमिटीच्या एका मीटिंगची सिटिंग फी एक लाखापेक्षा जास्त देता येणार नाही. किमान किती द्यायची हे कुठेच लिहिलेलं नाही, ते कंपनीचं बोर्ड ठरवतं. मी स्वतः पाच हजार, दहा हजाराचे ठराव लिहिलेत. मोठ्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांत पूर्ण लाख मिळतात, वर नफ्यावर कमिशनही मिळू शकतं, पण तिथे तळजाईवरच्या मेसेजमधून माणसं घेत नाहीत.

डेटाबँकेचं तसंच. डिसेंबर २०१९ पासून ती सुरू झाली, मानेसरची आयआयसीए ही संस्था ती चालवते. नाव नोंदवायचं, दोन वर्षांच्या आत ऑनलाइन परीक्षा द्यायची, पन्नास टक्के लागतात, काही अनुभवी लोकांना परीक्षेतून सूट आहे. एवढंच. ती नावांची यादी आहे, नोकरी लावून देणारं ऑफिस नाही, आणि कंपनीने माणूस निवडताना नीट चौकशी करायची जबाबदारी कंपनीचीच राहते.

चार मीटिंग खरं आहे, वर्षाला किमान चार आणि दोन मीटिंगमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. पण लिस्टेड कंपनीत ऑडिट कमिटी वेगळी, नॉमिनेशन कमिटी वेगळी, इंडिपेंडंट डायरेक्टर्सनी मॅनेजमेंटला बाहेर ठेवून वर्षातून एकदा तरी स्वतंत्र बसायचं ते वेगळं. एका मीटिंगचा अजेंडा आणि त्याच्या नोट्स मिळून दोनशे-तीनशे पानं सहज होतात. ती वाचायची असतात, काम तिथे आहे, मीटिंगच्या दोन तासांत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे मला खरंच भीती वाटली. जबाबदारी शून्य.

हे ज्याने लिहिलं त्याने कलमाचा नंबर बरोबर दिलाय, त्यामुळे लोकांना वाटतं माहितीतला माणूस आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १४९(१२) काय म्हणतं ते साध्या मराठीत सांगते. इंडिपेंडंट डायरेक्टर, किंवा जो प्रमोटर, म्हणजे कंपनीचा मालक-संस्थापक, नाही आणि रोजचं कामही बघत नाही असा डायरेक्टर, कंपनीने केलेल्या किंवा करायच्या राहून गेलेल्या गोष्टीला फक्त तेव्हाच जबाबदार, जेव्हा ती त्याला माहीत होती, बोर्डाच्या कामकाजातून माहीत झाली असं म्हणता येतं, आणि त्याची तिला संमती होती किंवा संगनमत होतं, किंवा त्याने योग्य दक्षता घेतली नाही. मेसेजवाल्याने "फक्त तेव्हाच" एवढं वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. किंवा त्याने योग्य दक्षता घेतली नाही.

म्हणजे काय होतं बघा. अजेंडा तुमच्या ईमेलवर आला, त्यात पान १८० वर लिहिलं होतं की मालकाच्या मेहुण्याच्या फर्मला बारा कोटींचं ॲडव्हान्स दिलंय. तुम्ही पान १८० उघडलंच नाही. मीटिंगला गेलात, चहा घेतला, सही केली. उद्या प्रकरण बाहेर आलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा कुठे आहे? कागद तुमच्यापर्यंत आला होता, बोर्डाच्या कामकाजातूनच आला होता, मिनिट्समध्ये तुम्ही हजर आहात आणि विरोधात तुमचं नाव नाही. न वाचता सही केली हा तुमचा बचाव नाहीये, दक्षता घेतली नाही याचा तो पुरावा आहे. म्हणजे मेसेजमध्ये जे करायला सांगितलंय, जायचं चहा घ्यायचा सही करायची, नेमकं तेच केल्यावर या कलमाचं संरक्षण जातं! ज्या कलमाच्या भरवशावर माणसाला बोलावताय त्याच कलमाखाली तो सापडेल असं वागायला शिकवताय, याच्याइतकं घातक मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही.

हे कलम आलं तरी का, तर त्याच्या आधी खरंच वाईट दिवस होते. निमेश कंपानी हे मोठे इन्व्हेस्टमेंट बँकर, नागार्जुन फायनान्स या कंपनीच्या बोर्डावर पूर्वी होते, कंपनीने ठेवीदारांचे पैसे बुडवले आणि ते बोर्ड सोडून गेलेले असूनही त्यांच्यावर अटकेची वेळ आली, २००९ मध्ये काही महिने त्यांना परदेशातच थांबावं लागलं. सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा आणि हे प्रकरण मागोमाग झालं आणि देशभरात इंडिपेंडंट डायरेक्टर धडाधड राजीनामे देऊ लागले. नंतर कायद्यात संरक्षण आलं, आणि २ मार्च २०२० ला कंपनी मंत्रालयाने परिपत्रकही काढलं की पुरेसा पुरावा नसताना अशा डायरेक्टरांवर उगाच दिवाणी-फौजदारी कारवाई सुरू करू नका. हे सगळं आहे, मी नाकारत नाही. पण परिपत्रक वाचून नोटीस यायची थांबत नाही. नोटीस येते, वकील करावा लागतो, तारखा पडतात, आणि मग शेवटी मिनिट्स काढून दाखवावी लागतात की बघा मी त्या दिवशी हा प्रश्न विचारला होता. मिनिट्समध्ये तुमचा एकही प्रश्न नसेल तर वकील तरी काय दाखवणार.

सत्यमची आठवण लोकांना "राजूने घोटाळा केला" एवढीच आहे, राजू म्हणजे तिचे संस्थापक-अध्यक्ष. मला आठवतं ते घोटाळा बाहेर यायच्या तीन आठवडे आधीचं, १६ डिसेंबर २००८. बोर्डासमोर ठराव आला की मेटास नावाच्या दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घ्यायच्या. त्या कंपन्या राजू कुटुंबाच्याच, मेटास म्हणजे सत्यम हे नाव इंग्रजीत उलटं लिहिलेलं. बोर्डावर कोण होतं? हार्वर्डचे प्राध्यापक, माजी कॅबिनेट सेक्रेटरी, हैदराबादच्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलचे डीन, पेंटियम चिपवाले विनोद धाम. ठराव पास झाला. गुंतवणूकदारांनी एवढी बोंब मारली की बारा तासांच्या आत कंपनीला तो मागे घ्यावा लागला. म्हणजे जे बाहेरच्या माणसाला बातमी वाचून दिसलं ते त्या खोलीत थांबवलं गेलं नाही. मग ७ जानेवारी २००९ चं राजूचं पत्र आलं, त्यात कबुली होती की वहीत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प झाले. कारण काकांनी आयुष्यभर बॅलन्स सर्टिफिकेटवर सह्या केल्यात. मी म्हटलं, "काका, एवढी शिल्लक असलेल्या कंपनीच्या बोर्डावर तुम्ही असता तर पहिलं काय मागितलं असतं?" ते लगेच म्हणाले, "बँकेचं कन्फर्मेशन, थेट ब्रँचकडून आलेलं." मग? एवढं साधं. हुशार माणसं बसवून उपयोग होतोच असं नाही, कोणीतरी तो कागद मागावा लागतो. आणि तोच माणूस चहा पिऊन सही करायला निघाला होता.

"सगळं मालकच ठरवतात" याबद्दल मात्र मला नाइलाजाने म्हणावं लागतंय की यात अर्धं खरं आहे. प्रमोटरच्या मर्जीतला माणूस आणायचा ही रीत आहेच, मी ती जवळून बघितलीय. आणि जो ऐकत नाही त्याला घालवता येतं हेही २०१६ च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांनी पाहिलं, टाटा समूह आणि त्यांनी काढलेले अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या वादात इंडिपेंडंट डायरेक्टर नुस्ली वाडियांना टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्सच्या बोर्डांवरून भागधारकांच्या मतदानाने काढलं गेलं, प्रमोटरची मतं मोठी असल्यावर ते होणारच. त्यानंतर लिस्टेड कंपन्यांसाठी सेबीने नियम थोडे कडक केले, जानेवारी २०२२ पासून नेमायला आणि काढायलाही मूळ नियम विशेष ठरावाचा आहे, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश हवी. पण प्रमोटरकडेच सत्तरेक टक्के असतील तर त्यालाही फार अर्थ उरत नाही, हे मान्य.

पण म्हणून "डोक्याला ताप नाही" हा निष्कर्ष कुठून आला? मालक ठरवणार आणि सही तुमची, यात ताप कमी झाला का वाढला? आणि एकटा माणूस काहीच करू शकत नाही असंही नाही. ठरावाला विरोध केला तर मिनिट्समध्ये नाव लिहावंच लागतं, तो कायदा आहे. लिस्टेड कंपनीत मालकाच्या नातेवाइकांशी, त्यांच्या फर्मशी होणारे व्यवहार मंजूर करायचा अधिकार ऑडिट कमिटीतल्या फक्त इंडिपेंडंट डायरेक्टरांना आहे, तिथे मालकाला मतच नाही. माझ्यासमोर एकदा एका बाईंनी, रिटायर्ड प्राध्यापिका होत्या, जागेच्या भाड्याच्या करारावर दुसरं व्हॅल्युएशन आणा म्हणून विषय पुढे ढकलायला लावला, मालक चिडले, पण पुढच्या मीटिंगला भाडं कमी होऊन आलं.

राजीनाम्याचं एका ओळीत. सोडल्यानंतरसुद्धा तुमच्या काळात झालेल्या गुन्ह्याची जबाबदारी राहते, राजीनाम्याच्याच कलमात तसं लिहिलंय.

आता काकांना बोलावणाऱ्या कंपनीबद्दल, नाव लिहीत नाही. ती प्रायव्हेट लिमिटेड निघाली. प्रायव्हेट कंपनीला इंडिपेंडंट डायरेक्टर ठेवायची कायद्याने गरजच नाही! लिस्टेड कंपनीला बोर्डाचा एक तृतीयांश लागतात, अनलिस्टेड पब्लिक कंपनी ठरावीक आकारापेक्षा मोठी असेल, उदाहरणार्थ भागभांडवल दहा कोटी किंवा उलाढाल शंभर कोटी, तर दोन. मग यांना अडुसष्ट वर्षांचा बँकवाला माणूस कशाला हवाय? असाच विश्वास म्हणून असेलही, पण प्रायव्हेट कंपनीचा आयकर थकला आणि कंपनीकडून वसूल झाला नाही तर तो त्या काळातल्या डायरेक्टरांकडून वसूल करता येतो, आणि माझा निष्काळजीपणा नव्हता हे डायरेक्टरनेच सिद्ध करायचं असतं. जीएसटीतही तशीच तरतूद आहे. काकांच्या पेन्शनवर आणि त्या दोन बेडरूमच्या फ्लॅटवर हे येऊ शकतं, हे त्या मेसेजमध्ये कुठेय?

मी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून त्यांची कागदपत्रं काढली, हे कोणीही करू शकतं आणि प्रत्येकाने करावं. सलग दोन वर्षांचे ताळेबंद भरलेलेच नाहीत. तिसरं वर्ष चुकलं की डायरेक्टर पाच वर्षांसाठी बाद होतात, नव्याने आलेल्याला सहा महिन्यांची सवलत आहे पण ती तेवढीच. २०१७ मध्ये अशा न भरलेल्या कागदांपायी एक लाखाहून जास्त डायरेक्टर एका फटक्यात बाद झाले होते, त्यात नुसतं नाव दिलेले कितीतरी सासरे, मेहुणे, ड्रायव्हर होते, आमच्या ऑफिसात तेव्हा रोज कोणीतरी रडवेलं होऊन येऊन बसायचं.

आणि त्या माणसाने काकांना वर असंही सांगितलं होतं की डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, पेनड्राइव्हसारखं टोकन आमच्या अकाउंटंटकडेच ठेवा, तुम्हाला सारखं यायला नको. नका ठेवू. कोणाकडेच नका ठेवू, माझ्याकडेसुद्धा. ते टोकन म्हणजे तुमची सही आहे, आणि ते दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असेल तर कोणत्या कागदावर ती उमटली हे तुम्हाला नोटीस आल्यावरच कळणार.

काकांना मी हो किंवा नाही म्हटलेलं नाही. चांगल्या कंपनीत त्यांच्यासारखा माणूस हवाच, मनापासून वाटतं मला. फक्त त्यांना म्हटलं की त्या माणसाकडून चार गोष्टी मागा: न भरलेले दोन्ही ताळेबंद, जीएसटी आणि टीडीएस भरल्याची चलनं, बँक कर्जाची सॅंक्शन लेटर्स, आणि गेल्या चार मीटिंगची मिनिट्स. काकांनी सोमवारी फोन केला. समोरून उत्तर आलं, "काका, तुम्ही आधी सही तर करा, ते सगळं बघू नंतर." काकांनी सांगितलं की आधी कागद.

आज नववा दिवस आहे. कागद आलेले नाहीत.