टर्बो डिझेल, ३.५४ चे डिफ आणि चढणीचं गणित: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ८८ इंची लँड रोव्हर सीरीज थ्रीचं मूळचं सव्वादोन लिटर पेट्रोल इंजिन काढून त्या जागी २०० टीडीआय हे लँड रोव्हरचंच टर्बो डिझेल इंजिन बसवण्यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, टर्बोला (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) पंधराशे आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) पुढे जाग येते आणि दगडांतून चढताना इंजिन त्याच्या खालीच फिरत असतं. म्हणजे वाढलेली ताकद हवी तिथे मिळतच नाही. दोन, त्यात भर म्हणजे मी मूळच्या ४.७ ऐवजी ३.५४ चे डिफ (एक्सलमधले डिफरन्शियल गिअर; आकडा लहान तितका वेग जास्त, जोर कमी) बसवायला सांगतो, म्हणजे होती तीही ताकद घालवतो. तीन, इंजिन उपसण्यापेक्षा आहे तेच ओव्हरहॉल करावं. "जुन्या गाड्यांची वाट लावायला शिकवू नका" हे तुमचं वाक्य.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपलं फारसं भांडण नाही. मूळ इंजिन धडधाकट असेल, गाडी साठच्या वेगाने जवळपासच फिरत असेल, तर त्याला हात लावू नये. वाचलेल्या इंधनातून खर्च भरून निघेल म्हणून इंजिन बदलू पाहणाऱ्यांना मी नेहमी परावृत्त करतो, कारण वर्षाला भरपूर अंतर कापलं नाही तर तो हिशेब जुळत नाही. पण "वाट लावणं" हा शब्द इथे बसत नाही. १९८९ साली डिस्कव्हरीत आणि पुढच्या वर्षी डिफेंडरमध्ये आलेलं हे २०० टीडीआय जुन्या सव्वादोन लिटरच्याच घराण्यातलं आहे. सीरीजच्या बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) ते अडॅप्टर प्लेटशिवाय बसतं. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल, त्याला बंद-चालू करायला एकच वायर लागते. गिअरबॉक्स तोच राहतो. जुनं इंजिन तेल मारून कोपऱ्यात झाकून ठेवा. पुढच्या मालकाला वाटलं तर परत चढवेल. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांबद्दल मी हे म्हणणार नाही. तिथे गाडीची अख्खी वायरिंग बदलते.

आता टर्बोची झोप. तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. हजार आरपीएमला टर्बो जवळजवळ नसल्यासारखाच असतो, मान्य. पण मग उरतं काय? अडीच लिटरचं, १९.५ कॉम्प्रेशनचं (म्हणजे हवा साडेएकोणीस पट दाबणारं) डायरेक्ट इंजेक्शन डिझेल. ते काही लेचंपेचं नाही. शिवाय पंपात गव्हर्नर (इंजिनाचा वेग कायम राखणारी यंत्रणा) असतो, त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. लो रेंज (ट्रान्सफर बॉक्स या दुसऱ्या गिअरपेटीतली हळू, जास्त जोराची पायरी), पहिला गिअर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. पुढचं चाक दगडाला टेकतं, आरपीएम किंचित पडतो, गव्हर्नर ते ओळखून डिझेल वाढवतो आणि गाडी तुम्ही काही न करता दगडावर चढते. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला अशा वेळी पायाने सांभाळावं लागतं. नवख्याचा पाय जरा जास्त पडला की चाक घसरलंच. त्यात गाडी तिरकी झाली की कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन खोकायला लागतं. ही कटकट डिझेल पंपाला नाही. जुन्या पेट्रोल इंजिनाचा खालच्या आरपीएमचा जोर खरंच गोड आहे, ते मीही चालवलंय. पण दगडांत टर्बो डिझेल त्यापेक्षा कमी पडतं, हे मला पटत नाही.

डिफचा आक्षेप मात्र वजनदार आहे, म्हणून त्यावर आकडे मांडतो.

सीरीज थ्रीचा पहिला गिअर ३.६८, ट्रान्सफर बॉक्सची लो रेंज २.३५, डिफ ४.७. गुणाकार ४०.७ च्या आसपास. ७.५० बाय १६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.४५ मीटर जातो. ७५० च्या आयडलला गाडी ताशी २.७ किलोमीटरने सरपटते. डिफ ३.५४ चे केले की गुणाकार ३०.६ वर येतो आणि तोच वेग ३.६ होतो. माणसाच्या हळू चालीच्या जागी बऱ्यापैकी चाल. चढताना हे चालून जातं, उतरताना नाही. डिझेलला हवा अडवणारी थ्रॉटल प्लेट नसते, म्हणून पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनासारखी वेग रोखणारी पकड मिळेलच असं नाही; खड्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवावा लागतो आणि ओल्या दगडावर तेच नको असतं.

मग मी ३.५४ का सुचवले? रस्त्यासाठी. ताशी ८० ला ४.७ च्या डिफवर इंजिन सुमारे २९०० ने फिरतं, ३.५४ वर २२०० ने. या इंजिनाला २२०० मानवतात; २९०० वर ते तासन्‌तास किंचाळत राहतं. दुसरं कारण हाफ शाफ्टचं, म्हणजे डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचं. जुन्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क १६० न्यूटन मीटरच्या जरा वर, डिफेंडरच्या २०० टीडीआयचा २५५. ४.७ चे डिफ ठेवून लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) क्लच सोडलात, तर चाकांकडे जाणारा जोर आधीपेक्षा दीडपटीहून जास्त होतो. ३.५४ वर ही वाढ पाचव्या हिश्श्याच्या आत राहते. सीरीजचे मागचे हाफ शाफ्ट जुन्या इंजिनालाही तुटायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्यासारखा, ज्याची गाडी जास्त वेळ दगडांतच असते, त्याने ४.७ ठेवावेत हे मी मान्य करतो. फक्त मग ट्रान्सफर बॉक्समधला हाय रेंजचा गिअर बदलण्याचा संच बसवा. त्यात लो रेंज जशीच्या तशी राहते आणि रस्त्यावरचा आरपीएम खाली येतो. ओव्हरड्राइव्हनेही (वरून जोडायचा जादा वेगाचा गिअर) हे साधतं, पण त्याचे गिअर छोटे असतात. टर्बोच्या पूर्ण जोरावर त्यात चढण काढायची नाही. आणि ज्यांना ३.५४ च हवेत त्यांनी पुढचा-मागचा दोन्ही एकदम बदलावेत, नाहीतर फोर बाय फोर टाकताच दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांशी भांडतील. जुन्या रेंज रोव्हरचे १० स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा) डिफ तुमच्या एक्सलमध्ये बसतात, नंतरचे २४ स्प्लाइनचे बसत नाहीत. स्पीडोमीटर मग कमी दाखवतो: प्रत्यक्षात ८० असताना काटा ६० वर. तो दुरुस्त करेपर्यंत चारही ड्रम ब्रेकच्या जोरावर किती पळायचं, याचा अंदाज त्या काट्यावर सोडू नका.

ब्रेकवरून आठवलं. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या पाइपांत) ब्रेकच्या बूस्टरसाठी (पेडलचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम आयता मिळतो, डिझेलमध्ये नाही. व्हॅक्यूम पंप लागतोच. जोडणी झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक झालं की पाय तसाच दाबून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली बोटभर खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही.

तुम्ही पाण्याचा मुद्दा काढला नाहीत, याचं मला नवल वाटलं. टर्बो डिझेलविरुद्ध सगळ्यात सबळ मुद्दा तोच आहे. पाण्यात पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्युटर भिजतो, इंजिन बंद पडतं, तुम्ही चार शिव्या देता आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं. डिझेल बंद पडत नाही, चालतच राहतं. त्याच्या एका सिलिंडरचं माप ६२४ सीसी, कॉम्प्रेशन १९.५, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३४ मिलिलिटर. जुन्या पेट्रोल इंजिनात ती ८० च्या वर होती. ३४ मिलिलिटरहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागा नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

टर्बोमुळे यात भर पडते ती अशी. एअर फिल्टर ते टर्बो या पाइपात कायम ओढ असते, हे सगळ्यांना माहीत असतं. टर्बोपुढे इंटरकूलरपर्यंत (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) दाब असतो, तेव्हा क्लिप जरा ढिली असली तरी हवा बाहेरच जाईल, पाणी आत येणार नाही, असं लोक धरून चालतात. पण पाण्यातून आपण हळूच जातो, म्हणजे टर्बो झोपलेला असताना. तुमचाच मुद्दा! तेव्हा त्या पाइपांतही दाब नसतो, उलट थोडी ओढच असते. इंटरकूलर गाडीच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरशेजारी. प्रत्येक होजची क्लिप हाताने फिरवून बघा, होज सांध्यावर सरकत असेल तर बदला. आणि इंजिन पाण्यात बंद पडलंच तर स्टार्टर मारू नका. हीटर प्लग काढा, मग इंजिन हाताने फिरवा.

शेवटी तुमचा प्रश्न: डिस्कव्हरीचं २०० टीडीआय स्वस्तात मिळतंय, घ्यावं का? इंजिन चांगलं आहे, पण त्याचा टर्बो खाली असतो आणि सीरीजच्या चासीला अडतो. डिफेंडरचा वर असतो. डिफेंडरचं मॅनिफोल्ड आणि टर्बो मिळवण्याची सोय आधी बघा. टर्बोचं तेल परत आणणारा पाइप सरळ उतारावर यायला हवा, मध्ये कुठे लोंबकळता कामा नये. तेल तुंबलं की सीलमधून शिरतं आणि निळा धूर सुरू होतो. ३०० टीडीआय कुणी गळ्यात मारत असेल तर लक्षात ठेवा, ते तुमच्या बेल हाउसिंगला सरळ बसत नाही.

घेण्याआधी इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि चालू असतानाच तेल भरायचं झाकण काढून नुसतं वर ठेवा. जरा थरथरलं तर ठीक. भकाभका धूर येऊन झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) अल्युमिनियमचं आहे, म्हणून थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का तेही बघा. टायमिंग बेल्ट मात्र विकणारा काहीही म्हणो, इंजिन बाहेर आहे तोवरच नवा टाकून घ्या.