पोरीचं नाव भिंतीवरून कोण पुसणार?

आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या भिंतीवर, नळाच्या बाजूला, एका पोरीचं नाव कोणीतरी कोळशानं लिहिलं. नावापुढं काय लिहिलं होतं ते मी इथं सांगणार नाही. पोरगी सातवीतली. चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी तिची माय कापूस वेचणं सोडून ग्रामपंचायतीत आली. बोटांवर बोंडांचे ओरखडे तसेच. म्हणाली, "सायेब, ओल्या पोत्यानं लय घासलं, पन जातच नाही. चुना मारून द्या ना."

उत्तर मिळालं, "बाई, निधी नाही. मासिक सभेत विषय घ्या लागते."

मी घरपट्टी भरायला गेलो होतो, हे सगळं माझ्या समोर झालं. अजूनही आठवलं की जीव जळतो.

कारण चुना कसा लागतो हे गावानं पाहिलेलं आहे. 15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली. दुसऱ्या दिवशी सकाळीच शिपाई बादली-कुंचा घेऊन निघाला. निवडणूक आयोगाचा नियमच आहे: सरकारी इमारतींवरचं राजकीय लिखाण 24 तासांत, इतर सार्वजनिक जागांवरचं 48 तासांत आणि खाजगी भिंतींवरचं 72 तासांत काढायचं. दुपारपर्यंत पाण्याची टाकी पांढरी, एसटीचा निवारा पांढरा. तेव्हा ठराव लागला नाही, सभा लागली नाही. मग एका लेकराच्या अब्रूसाठी काहून लागते?

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, हे मला ठाऊक आहे. पण एका भिंतीच्या चुन्याला वित्त आयोग कशाला पाहिजे? आम्ही घरपट्टी भरतो ना.

दुसरी गोष्ट. पेरणीच्या आधी बियाण्याच्या कंपन्यांचे पेंटर येतात. पुलाचा कठडा असो की निवाऱ्याची पाठ, कोणाला न विचारता ऑईल पेंटनं जाहिरात रंगवून जातात. ऑईल पेंटवर चुना धरत नाही, एका पावसाळ्यात पोपडे निघतात आणि खालचं वाण पुन्हा वाचता येतं. तारेच्या ब्रशनं खरवडायचं, मग प्रायमर मारायचा, तेव्हा कुठं भिंत साफ होते. तो खर्च गावाच्या माथी. महाराष्ट्रात 1995 पासून मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. आमच्याकडं त्याखाली एखाद्या कंपनीला साधी नोटीस गेल्याचं मी ऐकलं नाही. बदामात बाण काढणाऱ्या पोट्ट्याला मात्र भर चौकात कान धरून उभं करतात. हा न्याय मला पटत नाही. त्या पोट्ट्याच्या हाती कुंचा द्या, त्याचं त्याला पुसू द्या. कंपनीकडून पैसे वसूल करा.

स्वच्छता अभियानाची समिती येणार म्हटलं की अख्खं गाव एका रात्रीत रंगते. सुविचारही लिहिले जातात. त्या अभियानाला नाव गाडगेबाबांचं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, समितीची वाट पाहत नव्हता.

शेवटी त्या रविवारी गुरुजी, मी आणि आठवीतली दोन पोरं, आम्हीच भिंत केली. आधी कोळसा धुऊन काढला, भिंत वाळू दिली, मग डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले. पहिल्या हाताला तिच्या नावाचं पहिलं अक्षर पुसटसं दिसत होतं. दुसऱ्या हातानं गेलं. सोमवारी ती शाळेत आली, पण नळावर पाणी प्यायला गेली नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी लेखी विषय देणार आहे: भिंतीवर कोणाची बदनामी करणारं काही दिसलं की त्याच दिवशी शिपायानं पुसायचं, आणि त्यासाठी चुन्याचं एक पोतं कार्यालयात कायम ठेवायचं. त्या माउलीला म्हटलं, तुम्ही या सोबत. मजुरी पडली तरी येतो म्हणाली.