जिवाणू गवत वाढवतात, चाऱ्यातलं विष उतरवत नाहीत

‘एक बाटली, शून्य खत’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या शेतीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. तो माझ्या मेहुण्यापर्यंत पोचला. त्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दाजी, यंदा युरिया आणत नाही. आणि ज्वारीचा फुटवा आता कोवळाच कापून घालतो, भीती राहिली नाही.’ युरियाचं एक वेळ नंतर बघता आलं असतं. ते दुसरं वाक्य वाचून मात्र मी लगेच फोन लावला, आणि फोनवर जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण तो मेसेज वाचणारा तो एकटा नाही.

मेसेजचा दावा थोडक्यात असा: चाऱ्याच्या गवताला बाटलीतले हे जिवाणू दिले की हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, फुकट मिळतो, रासायनिक खताचा एक दाणाही लागत नाही. स्फुरद-पालाशही (फॉस्फरस-पोटॅशियमही) नको. चारा दुप्पट होतो. एकदा टाकलेले जिवाणू कायम राहतात, एका बाटलीपासून घरच्या ड्रममध्ये हव्या तेवढ्या बाटल्या बनतात. आणि शेवटी, जिवाणू दिलेल्या चाऱ्यात विष उरत नाही, म्हणून तो कोणत्याही अवस्थेत कापून घाला. सगळं नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य. पुराव्यादाखल ‘ब्राझीलने खत बंद केलं’ एवढं एक वाक्य.

आधी तो विषाचा मुद्दा घेतो, कारण बाकीच्यात पीक जाईल, यात जनावर जातं.

ज्वारी, सुदान गवत आणि त्यांच्या संकरांच्या पेशींत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशीच्या एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) दुसरीकडे, असं वेगवेगळं ठेवलेलं असतं. जनावराने पान चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. कोवळी रोपं, कापणीनंतरचा नवा फुटवा, पाण्याचा ताण बसून पुन्हा तरारलेलं पीक, यांत धुरिन सर्वांत जास्त. जास्त मात्रा पोटात गेली तर जनावर काही मिनिटांत आडवं होतं, डॉक्टर पोचायच्या आत.

आता हे द्रव्य झाड स्वतःच्या पानात बनवतं. मुळाशी सोडलेला जिवाणू ते कसं काढणार? मेसेजमध्ये याचं उत्तर नाही, असूही शकत नाही. उलट गंमत नाही, भीती वाटावी अशी गोष्ट ही की गायी-म्हशींच्या कोठीपोटातले, म्हणजे चारा आधी जिथे आंबतो त्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणूच धुरिन फोडून सायनाइड मोकळं करायला हातभार लावतात. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना ही बाधा घोड्या-डुकरांपेक्षा लवकर होते. त्यात, भरपूर नत्र आणि कमी स्फुरद मिळालेल्या पिकात धुरिन वाढतं. म्हणजे ‘स्फुरद नको’ हा त्याच मेसेजमधला सल्ला हा धोका वाढवू शकतो.

दुसरं विष नायट्रेटचं. ते ज्वारीपुरतं नाही. बाजरी, मका, नेपियर, ओट अशा बहुतेक चारापिकांत साठू शकतं. ताण पडला की झाडाची वाढ थांबते, पण मुळं नायट्रेट ओढत राहतात आणि ते खोडाच्या खालच्या भागात साचतं. कोठीपोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि पुढे अमोनिया. पहिली पायरी दुसरीपेक्षा भरभर झाली की नायट्राइट रक्तात शिरतं आणि रक्त प्राणवायू वाहायचं थांबवतं. अशा जनावराचं रक्त चॉकलेटी तपकिरी दिसतं. सायनाइडच्या बाधेत ते लालभडक असतं. दोन्हींवरचे उपचार वेगळे आहेत, आणि सायनाइडवर दिलं जाणारं सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या बाधेत दिलं तर जनावर आणखी खोलात जाईल. म्हणून हे काम पशुवैद्याचंच.

वाळवल्याने सायनाइड बरंच उडून जातं, नायट्रेट उडत नाही. मूरघासात, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात, नायट्रेट काही अंशी कमी होतं, संपत नाही. सुदान गवत किमान ४५ ते ६० सेंटिमीटर उंच झाल्याशिवाय आणि ज्वारी त्याहून उंच झाल्याशिवाय हिरवी घालू नये. चाऱ्याची ज्वारी निम्मी फुलोऱ्यावर आल्यावर कापावी हे उत्तम. ताणातल्या पिकाचं खोड बुडापासून १५-२० सेंटिमीटर सोडून कापावं आणि जनावर उपाशीपोटी त्यावर सोडू नये. यातला एकही नियम कुठल्याही बाटलीने रद्द होत नाही.

‘जिवाणूने चाऱ्यातलं विष जातं’ ही कल्पना कुठून आली असावी याचा मला अंदाज आहे, आणि तिथे एक खरी गोष्ट आहे हे मान्य करतो. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं. ऑस्ट्रेलियात त्याने जनावरं आजारी पडत, हवाईत पडत नसत. रेमंड जोन्स या संशोधकाने यामागे हवाईच्या जनावरांच्या पोटातले जिवाणू आहेत हे दाखवून दिलं. ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले आणि तिथेही बाधा थांबली. त्यातल्या जिवाणूला पुढे १९९२ साली सिनर्जिस्टिस जोन्साय हे नाव मिळालं. पण ते जिवाणू जनावराच्या पोटातले, मातीतले नव्हेत. विष मिमोसिनचं, सायनाइडचं नव्हे. आणि झाड शेंगवर्गीय, गवत नव्हे. या तिन्ही गोष्टी गाळून मेसेज बनवला तर तो मेसेज जनावरं मारणारा होतो.

आता नत्र. ‘ब्राझीलने खत बंद केलं’ हे सोयाबीनबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. तिथलं सोयाबीन बहुतांशी नत्रखताशिवाय, ब्रॅडीरायझोबियम जिवाणूंच्या जोरावर येतं. पण सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात. गाठीत जिवाणूला साखर मिळते, प्राणवायू मोजून मिळतो आणि बनलेला नत्र थेट झाडाला जातो. गवताला गाठी येत नाहीत. गवताचे जिवाणू, म्हणजे अझोस्पिरिलम वगैरे, मुळांच्या पृष्ठभागावर आणि काही मुळांच्या आत राहतात. नत्राचा एक रेणू पकडायला त्यांना एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, १६ रेणू खर्चावे लागतात, आणि एवढ्या कष्टाने मिळवलेला नत्र ते आधी स्वतःसाठी वापरतात.

गवतावरच्या या जिवाणूंचा अभ्यास ज्यांनी उभा केला त्या योहाना डोबराइनर ब्राझीलच्याच. १९६६ मध्ये त्यांनी पास्पालम गवताच्या मुळांवरचा नत्र पकडणारा जिवाणू नोंदवला. पुढे अझोस्पिरिलमवर काम झालं आणि १९७० च्या दशकात जगभर हीच आशा पसरली की आता गवताला आणि धान्याला नत्र विकत घ्यावा लागणार नाही. ती आशा मोजमापात टिकली नाही. ब्रॅकिआरिया या कुरणातल्या गवतावर नत्राचे समस्थानिक (वेगळ्या वजनाचे, म्हणून ओळखता येणारे अणू) वापरून मोजलं तेव्हा जिवाणूंकडून येणारा नत्र वर्षाला हेक्टरी साधारण ३० ते ४५ किलो निघाला. गवतासाठी ही चांगलीच रक्कम आहे, मी ती कमी लेखत नाही. पण हेक्टरी १० टन सुका चारा कापून नेला आणि त्यात प्रथिनं १० टक्के असली, तर शेताबाहेर १६० किलो नत्र जातो. उरलेला कुठून आणणार? शेणखतातून, द्विदल मिश्रणातून किंवा पोत्यातून आणावाच लागेल. नाही आणला तर एक-दोन कापण्या जमिनीतल्या साठ्यावर निघतात, मेसेज खरा वाटतो, आणि मग गवत पिवळं पडत जातं.

मग हे जिवाणू करतात काय? मुळं वाढवतात. अझोस्पिरिलम ऑक्सिनसारखी संप्रेरकं सोडतं; त्याने बाजूची मुळं आणि केसमुळं दाट होतात. जिवाणू लावलेलं आणि न लावलेलं रोप शेजारी शेजारी उपटून पाहा. प्रयोग जमला असेल तर लावलेल्या रोपाच्या मुळांना माती जास्त घट्ट चिकटून येते, झटकली तरी पटकन सुटत नाही. एवढ्या मुळांनी झाड जमिनीत असलेलं पाणी आणि दिलेलं खत जास्त उचलतं. खत उचलण्यासाठी खत असावं लागतं, इतकी साधी गोष्ट आहे.

ब्राझीलचाच दाखला हवा असेल तर पूर्ण घ्या. सोयाबीनमधल्या नत्र-स्थिरीकरणाच्या कामासाठी २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार ज्यांना मिळाला त्या मारियांजेला हुंग्रिया यांनीच ब्रॅकिआरियावर अझोस्पिरिलमचे प्रयोग केले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात पेरणीला हेक्टरी ४० किलो नत्र होता. नुसत्या नत्राने गवताचं वजन सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास वाढलं, नत्र अधिक जिवाणू दिल्यावर २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्या बाईंच्या देशाचं नाव घेऊन खत बंद करायला सांगितलं जातंय, त्यांच्या स्वतःच्या गवताच्या प्रयोगात सर्वांत चांगला निकाल खत आणि जिवाणू एकत्र दिल्यावर आला. आणि २२ टक्के म्हणजे दुप्पट नव्हे. १९९४ मध्ये अझोस्पिरिलमच्या २० वर्षांच्या जगभरच्या शेतप्रयोगांचा आढावा निघाला होता: ६० ते ७० टक्के प्रयोगांत फायदा दिसला, तोही ५ ते ३० टक्के. उरलेल्या प्रयोगांत दिसला नाही. मला हे आकडे उत्साह वाढवणारे वाटतात. इतक्या थोड्या खर्चाच्या गोष्टीकडून एवढं मिळणं खूप आहे, त्यासाठी खोटं बोलायची गरजच नव्हती.

ड्रमचा मुद्दा. बाटलीतला जिवाणू निर्जंतुक वातावरणात, ठरावीक अन्नावर, एकटा वाढवलेला असतो. तो मळीच्या पाण्यात, उघड्या ड्रममध्ये ओतला की तिथे अझोस्पिरिलम वाढत नाही. पाण्यातून, हवेतून, हातातून आलेलं जे सर्वांत वेगाने वाढतं ते वाढतं. वास आला, फेस आला म्हणजे जिवाणू वाढले हे खरं, पण कोणते? ड्रममध्ये शेण गेलं असेल तर ई. कोलाय आणि साल्मोनेला वाढू शकतात, आणि हे पाणी उभ्या चाऱ्यावर फवारून तो हिरवा कापून दुभत्या जनावरापुढे टाकायचा असं मेसेज सांगतो. हे करू नका.

‘एकदा टाकले की कायम’ हेही चूक. ग्रॅमभर मातीत आधीच शंभर कोटींच्या घरात जिवाणू असतात, बाहेरून आलेल्यांची संख्या काही आठवड्यांत झपाट्याने घटते. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात, नवा आणत नाहीत. पालाश तर हवेत नसतोच. ‘नैसर्गिक म्हणून अपाय शून्य’ याला एवढंच उत्तर पुरे की सायनाइडही ज्वारी नैसर्गिकरीत्याच बनवते.

मेहुण्याला मी शेवटी सांगितलं ते असं. जिवाणू संवर्धन जरूर घे. पाकिटावर जिवाणूचं नाव, जिवंत संख्या आणि अंतिम तारीख असेल तेच घे. उन्हात ठेवू नको. बियाण्याला किंवा ठोंबांना सावलीत लाव आणि लगेच लागवड कर. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ते चोळू नको, क्लोरीनच्या पाण्यात कालवू नको. खताचा हप्ता थोडा कमी करून बघायचा असेल तर बघ, शून्यावर नेऊ नको. आणि त्याच शेतात, त्याच दिवशी, त्याच खतावर काही सऱ्या जिवाणूशिवाय ठेव. कापणीला दोन्हीकडचा सारख्या लांबीचा चारा वेगळा तोल. हिरवं वजन फसवतं, म्हणून दोन्हीतला एकेक किलो वाळवून पुन्हा तोल. एका कापणीवर ठरवू नको, तीन कापण्यांचे आकडे वहीत लिही. ज्वारीचा फुटवा मात्र फुलोऱ्यापर्यंत उभा राहू दे.