‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. बुधवारी सकाळी चहा घेताना परत वाचली, तेव्हाही तेवढीच खारट लागली. उत्तर खालच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाचा स्वभाव सांगणारी चाळीस इंग्रजी विशेषणं आणि त्यांपुढे मराठी अर्थ, असा लेख मी मागच्या आठवड्यात लिहिला. त्यावर हे लिहितात: “ही यादी म्हणजे मंडईतली दराची पाटी झाली. डावीकडे माल, उजवीकडे भाव. थ्रिफ्टी म्हणजे कंजूष हे तर धडधडीत चूक. शब्दाला एकच अर्थ चिकटवला की मुलं तो जन्मभर चुकीचा वापरतात. वाक्यं कुठे आहेत? कोणता शब्द कोणासमोर चालतो ते कुठे आहे? मुलाखतीत नुसती विशेषणं फेकून नोकरी मिळते का? अशा लेखांनी मुलांचं नुकसान होतं. तुमची आधीची उत्तरं पाहता तुम्ही फार सेन्सिबल वाटता, तरी लिहितोय.”

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो, म्हणजे नंतर कोणी मला आडमुठा म्हणायला नको. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी. ती इंग्रजीत स्तुती आहे. कंजूष म्हणजे स्टिंजी, आणि ती शिवी आहे. टाइप करताना दोन ओळी वरखाली झाल्या. दुरुस्त केलंय, आभार. पण चाळिसातली एक ओळ हुकली म्हणून थेट ‘मुलांचं नुकसान’? एका खड्यावरून अख्खं पोतं परत करणारं गिऱ्हाईक मी लहानपणी पाहिलंय.

आता ती मंडईतली पाटी.

माझी आई फलटणच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, आणि तुम्ही ते मनात धरून लिहिलं असंही मी म्हणत नाही. पण ‘मंडईतली पाटी’ हे शब्द तुम्ही ज्या नाक मुरडण्याच्या सुरात वापरलेत, तो सूर मला ओळखीचा आहे. अहो, पाटी बघून कोणी भाजी घेतं का? पाटीवर ‘वांगी’ लिहिलेलं असतं ते बाई तिथे थांबावी म्हणून. मग ती वांगं उचलते, देठ बघते, दाबून बघते, भाव पाडते, चार परत ठेवते आणि पाच घेते. पाटी नसेल तर ती थांबणारच नाही. माझी यादी एवढंच काम करते. शब्द दिसला की मूल थांबतं.

आणि आईकडे पाटी नव्हतीच, ती शाळेत गेली नव्हती. पण स्वभावाची विशेषणं तिच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त होती. आठ आण्यांसाठी अर्धा तास उभा राहणारा तो चिकट. गोड बोलून कोथिंबीर फुकट नेणारी ती लाघवी. वजनकाट्यावरून नजर न हलवणारी ती खमकी. कधी काही बोलायचा नाही आणि पुढच्या आठवड्यात समोरच्या गाळ्यावर दिसायचा, तो आतल्या गाठीचा. आता करा यांचं इंग्रजी. चिकटला पैशाच्या बाबतीत स्टिंजी चालेल, पण नोकरीसाठी चार वर्षं चिकाटी धरणाऱ्या मुलालाही आई चिकटच म्हणायची, आणि तिथे टिनेशियस लागतो. खमकीला फायस्टी म्हणावं, तर इंग्रजीत तो शब्द बऱ्याचदा लहानखुऱ्या बाईला कौतुकाने लावतात. फॉर्मिडेबल म्हटलं तर घाबरायला होतं. आतल्या गाठीचा म्हणजे सीक्रेटिव्ह की गार्डेड? सीक्रेटिव्हमध्ये संशय आहे, गार्डेडमध्ये नुसती सावधगिरी. एकाला एक जोडी बसत नाही, हे मला तुम्ही सांगायची गरज नव्हती. मी ते बाजारात शिकलोय.

मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तीही शेवटी यादीच. त्याला कोणी मंडईची पाटी म्हटल्याचं ऐकिवात नाही. (बरं, तो एका शब्दापुढे पाच-सहा इंग्रजी शब्द ठेवतो, हे खरं. पण त्याच्या हाताशी पंडितांचा ताफा होता. माझ्या हाताशी एक मोबाइल आहे.)

तुमच्या नावाबद्दलही एक विचारायचंय. स्पष्टवक्ता म्हणजे इंग्रजीत काय? फ्रँक म्हणजे मोकळेपणाने बोलणारा. कँडिड जरा त्याहून वरचा, स्वतःच्या चुकाही सांगणारा. आउटस्पोकन म्हणजे कोणाची भीड न बाळगणारा. ब्लंट म्हणजे बोथट. बोथट सुरी कापते कमी, दुखवते जास्त. टॅक्टलेस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच. बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसी रेडिओवर हीच गंमत करून दाखवली होती. मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा अडेल मूर्ख आहे. वागणं एकच, फक्त बोलणारा कोणाबद्दल बोलतोय त्यावर शब्द बदलतो. त्या चालीवर तुम्ही स्वतःला फ्रँक म्हणत असाल, तुमचे मित्र ब्लंट म्हणत असतील, आणि मी काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, कारण हा ब्लॉग विद्यार्थी वाचतात.

तुम्ही म्हणता मुलाखतीत विशेषणं फेकून काय होतं. तर ऐका. मला इंग्रजी पाचवीपासून. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधीची आमची पिढी. १९९४ साली भोसरीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं: आय ॲम अ सिंपल, होमली अँड सिन्सिअर बॉय. होमली मी रविवारच्या पेपरातल्या वधू-वर जाहिरातींतून उचलला होता. तिथे त्याचा अर्थ घर सांभाळणारी. समोरचे गृहस्थ बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढून आलेले. ते हसले आणि म्हणाले, “हाउ सिंपल?” मला वाटलं कौतुक चाललंय. मी म्हणालो, “व्हेरी सिंपल, सर.” टेबलाच्या त्या बाजूची तिघंही खाली बघायला लागली.

कित्येक वर्षांनी कळलं की तिकडे माणसाला सिंपल म्हटलं की तो डोक्याने जरा कमी, असं ऐकू येतं. होमली म्हणजे अमेरिकेत दिसायला बेताचा. आणि सिन्सिअर म्हणजे मनापासून बोलणारा. नेटाने अभ्यास करणारा, या अर्थाने तो आपणच वापरतो. त्यांचा शब्द कॉन्शिअन्शस. एका वाक्यात तीनदा आपटलो. नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

इथे तुम्ही टाळी वाजवाल, की बघा, हेच तर मी म्हणत होतो. नाही. तुम्ही म्हणता यादी वाईट. मी म्हणतो माझी यादी अपुरी होती. तीन शब्दांवर गेलो म्हणून आपटलो, चाळीस असते तर दुसरे तीन निवडले असते. हा फरक घरात इंग्रजी पेपर येणाऱ्याला कळायचा नाही. तुमच्या घरी येत होता की नाही ते मला माहीत नाही, पण सुरावरून अंदाज बांधतोय.

आणि चाळीस हे थोडे, असंही कोणी म्हणेल, म्हणून सांगतो. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली वेबस्टरचा मोठा कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. त्यांतले टिकाऊ स्वभाव सांगणारे ४,५०४. पुढे दुसऱ्यांनी ते गाळत गाळत पाच गटांवर आणले. त्या जंगलातून माझ्यासारख्या क्लास घेणाऱ्या माणसाने बावीस वर्षांच्या अनुभवावर चाळीस निवडले, तर त्याला पाटी म्हणायचं? माझी एक विद्यार्थिनी आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिथे एक आई पोराला ‘बोल्ड बॉय’ म्हणत होती, हिला वाटलं धीट म्हणतेय, म्हणून हिनेही पोराची पाठ थोपटली. तिकडे बोल्ड म्हणजे द्वाड. तिने मला फोन करून सांगितलं, आम्ही दोघंही हसलो. कोणी कोणाला ‘तुमच्यामुळे नुकसान झालं’ म्हणालं नाही.

आता तो शेवटचा टोमणा. मी टीका मनाला लावून घेतो असं तुम्हाला म्हणायचं होतं ना? त्याला सेन्सिटिव्ह म्हणतात. सेन्सिबल म्हणजे समंजस. तुम्ही मला सगळ्यांसमोर समंजस म्हटलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ही जोडी माझ्या यादीत सतराव्या आणि अठराव्या क्रमांकावर आहे. पाटी नीट वाचली असतीत तर भाव कळला असता.

वाक्यं कुठे आहेत, कोणता शब्द कोणासमोर चालतो वगैरे जे तुम्ही विचारलंत, त्यावर सध्या वेळ नाही. एका लेखात सगळं बसत नाही, आणि हे फुकट आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. थ्रिफ्टीची ओळ बदललीय. तेवढ्यासाठी यादी उघडली तेव्हा सव्विसाव्या क्रमांकावर ‘सिंपल – साधा’ असं दिसलं. ती ओळ तिथून उचलून खाली तीन वाक्यांसकट वेगळी टाकलीय. होमलीलाही तिच्याखाली जागा केलीय. त्याचा तुमच्या प्रतिक्रियेशी काही संबंध नाही.