ड्रॅगनबॉर्न होऊ इच्छिणाऱ्यांस सप्रेम सल्ला

परवा भाच्याने सेलमध्ये स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम घेतला आणि लगेच मेसेज टाकला, "मामा, काही टिप्स?" चार ओळी लिहून पाठवणार होतो. पण शनिवारी रात्री त्यातल्या विंडहेल्म शहरात माझ्यावर जो प्रसंग गुदरला, त्यानंतर ते चार ओळींत मावेना. तेव्हा म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहावं.

माझा अधिकार काय, असं कोणी विचारेल. हा गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. त्यानंतर एकूण किती तास घातले तो आकडा इथे देत नाही, कारण हे घरातलेही वाचतात.

सुरुवात घोडागाडीत होते. तुमचे (गेमचा नायक ड्रॅगनबॉर्न म्हणजे तुम्हीच) हात बांधलेले, समोर रालोफ नावाचा बोलका गृहस्थ, शेजारी तोंडात बोळा कोंबलेला बंडखोरांचा नेता उल्फ्रिक, आणि गाडी हेल्गेन गावाला मुंडकी उडवायला निघालेली. इथे तुम्ही नवंकोरं ग्राफिक कार्ड आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर लावून बसला असाल तर अभिनंदन. या गेममधलं भौतिकशास्त्र फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात त्याला, बांधलेलं आहे. 60 च्या वर गेलात की गाडी उधळते, घोडा आभाळात, कैदी चाकाखाली, आणि रालोफ मात्र शांतपणे राजकारणावर बोलत राहतो. उपाय सोपा आहे. महागातलं महाग कार्ड घ्या आणि 60 च्या दाव्याला बांधून ठेवा. शर्यतीचा बैल आणून मोटेला जुंपण्यातला आनंद काही वेगळाच.

पात्र घडवताना घाई करू नका. नाकाची लांबी, गालावरचा व्रण, सगळं मनासारखं करून घ्या, आणि यावेळी शुद्ध जादूगारच व्हायचं असा संकल्प सोडा. दहाव्या लेव्हलला तुम्ही अंधारात वाकून बसलेले तिरंदाज असाल.

ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये बुद्धीचा कस लागतो. हजारो वर्षांची समाधी, आत प्रेतांचा पहारा, आणि शेवटी एक भलाथोरला दरवाजा. त्यावर तीन कडी. कोणती चित्रं जुळवायची हे कोणालाच ठाऊक नाही. मात्र दरवाज्याची किल्ली म्हणजे सोन्याचा पंजा, आणि त्या पंजाच्या तळव्यावरच उत्तर कोरलेलं आहे: अस्वल, पतंग, घुबड. एटीएम कार्डाच्या मागे पिन लिहून ठेवणारे आमचे आजोबा हसण्यावारी नेले आम्ही, ते मूळचे नॉर्ड, म्हणजे ही समाधी बांधणाऱ्यांपैकीच, होते हे आत्ता कळतंय. पुढच्या समाधीत दुसरा पंजा सापडेल. तोही उलटा करून बघा.

डोंगर चढायचा असेल तर घोडा घ्या. उभ्या कड्यावर चढतो. पायवाटा शोधायचा छंद नवख्यांना.

दुकानात चोरी करायची असल्यास आधी दुकानदाराच्या डोक्यावर बादली घाला. तो काही म्हणत नाही.

उच्च शिक्षणासाठी विंटरहोल्डचं कॉलेज उत्तम. सीईटी नाही, कॅप राउंड नाही. पुलाच्या तोंडाशी फराल्डा नावाच्या बाई उभ्या असतात, त्या एक मंत्र करून दाखवायला सांगतात. तो येत नसेल तर त्याच तो तुम्हाला विकतात. पेपर फोडणारा परीक्षक खुद्द परीक्षेच्या दारात उभा, इतकी पारदर्शक व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आत गेलात की सात-आठ कामं करायची, ती बहुतेक कुऱ्हाडीनेही होतात, आणि तुम्ही आर्चमेज. कुलगुरूच म्हणा ना. मग त्याच आठवड्यात कंपॅनियन्स या योद्ध्यांच्या संघाचे प्रमुख व्हा, चोरांच्या टोळीचे म्होरके व्हा, मारेकऱ्यांच्या संघाचीही धुरा घ्या. एकाच माणसाकडे चार-चार अध्यक्षपदं असण्यात कोणाला काही गैर वाटत नाही. आपल्याला तर नाहीच वाटणार. आणि एवढं सगळं करून व्हाइटरन शहराच्या वेशीत आलात की पहारेकरी सांगतो, मीही तुझ्यासारखाच भटका होतो, मग गुडघ्यात बाण लागला.

व्हाइटरनमध्ये नाझीम नावाचा एक माणूस तुम्हाला विचारेल, वरच्या क्लाउड डिस्ट्रिक्टमध्ये येणं होतं का तुमचं, छे, कसं होणार म्हणा! आवाज ऐकून मूळ गाव ओळखीचं वाटलं तरी उत्तर देऊ नका.

ओझं सुरुवातीला 300 पर्यंत उचलता येतं. ड्रॅगनचं एक हाड 15, एक खवला 10. बाकी तुमच्या सोबतिणीच्या, लिडियाच्या पाठीवर. ती "तुमचा भार वाहायची शपथ घेतलीय" असं अशा सुरात म्हणते की आपल्यालाच अपराधी वाटावं. जखमी झालात तर मेनू उघडून सबंध चीजचे वीस गोळे एका दमात खा. तोवर ड्रॅगन हवेत तोंड वासून थांबतो. संस्कारी प्राणी आहे.

डेल्फिन नावाच्या बाई तुम्हाला पार्थुर्नाक्सला मारून या म्हणतील. हा म्हातारा ड्रॅगन तुमचा गुरू. नाही म्हणायचंय? तशी सोय ठेवलेली नाही. एक तर गुरूला मारा, नाहीतर ते काम यादीत जन्मभर लोंबकळत ठेवा. "बाई, जगाला वाचवणारा मी, तुम्ही कोण मला हुकूम सोडणार?" हे एक वाक्य लिहायला कोणाला सुचलं नाही. ते शेवटी चाहत्यांनी मॉडमध्ये (म्हणजे गेमला स्वतः जोडलेल्या बदलात) घातलं, आणि जगभरच्या खेळाडूंनी ते उतरवून घेतलं, यातच काय ते आलं.

आता विंडहेल्म.

विंडहेल्ममध्ये जाऊच नका, असा माझा साधा सल्ला होता. पण तुम्ही जाल. रात्रीची वेळ, काळ्या दगडाच्या भिंती, वरून बर्फ भुरभुरतंय, आणि कबरस्तानात एका बाईचं प्रेत. भोवती चार माणसं. पहारेकरी म्हणतो, युद्ध चालू आहे, आमच्याकडे माणसं नाहीत, तुम्हीच बघता का जरा? या क्वेस्टचं, म्हणजे कामगिरीचं, नाव ब्लड ऑन द आइस. अख्ख्या गेममध्ये खरंखुरं रहस्य म्हणावं अशी क्वेस्ट शोधायला गेलात तर हीच हाती लागेल. रक्ताचा माग, बंद पडलेलं घर, कपाटामागची चोरखोली, विचित्र पदक. कोणी लिहिली त्याला सलामच. मी सगळं निगुतीने केलं. साक्षी घेतल्या, प्रेतागारातल्या म्हातारीशी बोललो, चुकीच्या माणसाला तुरुंगात टाकायचा मोह आवरला. शेवटी दरबारी जादूगाराने सांगितलं, पुढचा खून रात्री बाजारात होणार आहे, जा आणि पाळत ठेव.

ठेवली. शनिवारी साडेअकराला बाजारात उभा राहिलो. लोहाराच्या भट्टीपाशी, अंधारात, धनुष्य ताणून. कीबोर्डवरचं टी बटण दाबून एकेक तास पुढे ढकलत होतो. कोणी आलं नाही. म्हटलं, रात्र चुकली असेल. दुसरी रात्रही तिथेच. पहारेकरी मशाल घेऊन फिरतोय, माझ्याजवळ येतोय, गुडघा, बाण, निघून जातोय. तिसरी रात्र. एव्हाना आमच्या खऱ्या घड्याळात दीड वाजला होता. बायको पाणी प्यायला उठली, दारात थांबली.

"कोणाची वाट बघतोयस?"

"खुन्याची."

"येणारे का तो?"

यावर काय बोलणार? चौथ्या दिवशी सकाळी तो आला. बाजारात. उन्हात. खुनी साहेब फेरफटका मारायला निघाले होते, मला पाहून दोन शब्द बोलले आणि पुढे गेले. (नाव सांगत नाही. दशक उलटून गेलं असलं तरी रहस्यभेदाचं पाप माझ्या माथी नको.) क्वेस्ट मात्र जागची हलायला तयार नाही. जर्नलमध्ये तीच ओळ. मागचा सेव्ह लोड करावा तर क्विकसेव्ह एकच, त्यावर मीच पुन्हा पुन्हा एफ-5 दाबलेलं, आणि तिन्ही ऑटोसेव्ह घोडं अडल्यानंतरचे. त्याआधीचा हाताने केलेला सेव्ह नऊ तासांपूर्वीचा. नऊ! एवढ्यात मुंबईहून गोव्याला गाडीने जवळजवळ पोचतो माणूस.

मग शोधाशोध. ही क्वेस्ट अडकते हे 2011 पासून जगजाहीर आहे. कुठे अडकते, किती ठिकाणी अडकते, याचे लोकांनी तक्ते करून ठेवलेत. उपाय? शहर सोडून जा, गेममधला महिनाभर फिरकू नका, मग नशीब. किंवा कन्सोल, म्हणजे गेमला थेट आज्ञा द्यायची खिडकी, उघडा आणि सेटस्टेज, एमएस11, पुढे आकडा, असं टाइप करून क्वेस्टला ढकला. म्हणजे खुनाचा तपास मी करायचा, खुनी मी शोधायचा, आणि खुन्याला वेळेवर बाजारात आणून उभं करायचं कामही माझंच. मग गेम बनवणाऱ्यांनो, तुम्ही काय केलंत हो?

रागाच्या भरात मित्रांच्या ग्रुपवर हे टाकलं. सकाळी उत्तर आलं: "अरे, तू क्रम चुकलास. त्या शहरात आधी चार वेळा जाऊन यावं लागतं, मगच सुरू होते ती. आणि बग हीच तर मजा आहे रे. स्कायरिम आहे तो!" पुढे हसऱ्या चेहऱ्यांची माळ.

चार वेळा गेलो होतो. क्वेस्ट सुरू झाली होती, म्हणून तर अडकली. आणि मजा? कोणाला येते मजा?

उपरोध वगैरे पुरे. हा प्रकार काही आजचा नाही. गेम आला तेव्हा रिफ्टनच्या भुयारात एस्बर्न नावाचा म्हातारा दाराआड गप्प उभा राहायचा. मॅक्स फॉन सिडोसारख्या नटाचा आवाज घेतला, आणि लोकांच्या गेममध्ये तो म्हातारा बोलेचना. दार उघडेना, मुख्य कथाच ठप्प. पहिल्या मोठ्या पॅचनंतर, म्हणजे दुरुस्तीनंतर, ड्रॅगन मागच्या मागे उडायला लागले. प्लेस्टेशन 3 वर तर सेव्ह फाइल जसजशी फुगायची तसतसा गेम रांगायला लागायचा. जितकं प्रेमाने खेळाल तितकी जास्त शिक्षा. आणि आपण काय केलं? उलट्या ड्रॅगनचे व्हिडिओ एकमेकांना पाठवले. राक्षसाने सोटा मारला की माणूस ढगांपलीकडे उडतो, तो बगही आपल्याला इतका आवडला की बनवणाऱ्यांनी तो हसत हसत तसाच ठेवला. हसू आलं मलाही, खोटं कशाला बोलू.

पण मग 2013 मध्ये लेजेंडरी आवृत्ती. 2016 मध्ये स्पेशल. 2017 मध्ये निन्टेंडो स्विचवर, आणि डोक्याला खोकं बांधून व्हीआरमध्ये. 2021 मध्ये दहा वर्षांची अॅनिव्हर्सरी. मी यातले तीन घेतलेत. तीन! आणि शनिवारी रात्री तिसऱ्यातही तो खुनी बाजारात आला नाही. सहा कोटींच्या वर प्रती विकल्या गेलेल्या गेममध्ये एका माणसाला रात्री एका चौकात आणून उभं करता येत नाही? झाडं नवीन लावलीत, ऊन नवीन पाडलंत, मासेमारी घातलीत. खुनी तोच, घरात झोपलेला.

दुरुस्ती कोणी केली? चाहत्यांनी. अनऑफिशियल पॅच नावाचा जो प्रकार आहे, तो लोकांनी नोकऱ्या सांभाळून, फुकट, वर्षानुवर्षं खपून केलाय. हजारो बग. मेनू धड वापरता येत नव्हते, तेही चाहत्यांनी बनवून दिले. आणि 2015 च्या एप्रिलमध्ये त्याच मॉडना पैसे लावायची टूम निघाली. बोंबाबोंब झाली तेव्हा चार दिवसांत गुंडाळली. मग दुसऱ्या नावाने दुकान, मग 2023 च्या डिसेंबरमध्ये तिसऱ्या नावाने. दुकान उघडताना गेम अपडेट होतो, आणि अपडेट झाला की स्क्रिप्ट एक्स्टेंडर या चाहत्यांच्याच जोडकामावर चालणारे फुकटचे मॉड मोडून पडतात. दुरुस्तीसाठी वेळ नाही, दुकानासाठी आहे.

मला हा गेम आवडतो. व्हाइटरनच्या माळावर रात्री आकाशात हिरवा उजेड सळसळतो आणि मागे ते संगीत सुरू होतं, तेव्हा मी आजही काही न करता नुसता उभा राहतो. सांगा, दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी विनाकारण उभा राहिलोय? म्हणून तर चिडतोय. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यावर रात्री दीड वाजता कोण चिडतं?

आणि म्हणून ग्रुपवरच्या त्या शहाण्याला, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना सांगतो. कोणी अडकलं तर "क्रम चुकलास" म्हणू नका. क्रम बनवणाऱ्यांचा चुकलाय. आधी विकायचं आणि मग लोकांकडून दुरुस्त करून घ्यायचं, हा क्रम. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची तक्रार केली म्हणजे प्रेम कमी होत नाही. लिहा त्यांना. काय अडलं, कुठल्या आवृत्तीत, कुठल्या पायरीवर, सगळं लिहा. 2018 च्या जूनमध्ये या मालिकेच्या सहाव्या भागाचा म्हणून एक डोंगर दाखवला होता, मिनिटभरही नाही, आणि तेवढ्यावर तुम्ही नाचला होतात. मीही होतो त्यात. पुढच्या वेळी डोंगर दाखवला की आगाऊ पैसे भरायला धावू नका. आधी विचारा, खुनी रात्री बाजारात येतो का?

भाच्या, तुझ्यासाठी एकच. हाताने सेव्ह कर. दर अर्ध्या तासाने, नवीन जागेवर.