यात काही होतंच नाही!

फुटबॉल बघणं सोपं आहे. फुटबॉल न बघणाऱ्या माणसाशेजारी बसून फुटबॉल बघणं हे मात्र हाडं शाबूत आहेत तोवरच करायचं काम. पहिली वीस मिनिटं तो सभ्यपणे गप्प असतो. मग घड्याळ बघतो. मग पडद्याच्या कोपऱ्यातली दोन शून्यं बघतो. आणि मग जगभरच्या फुटबॉलद्वेष्ट्यांनी जणू सभा भरवून एकमताने मंजूर केलेलं ते वाक्य बाहेर पडतं : ‘यात काही होतंच नाही!’

या वाक्याला उत्तर देण्यात माझे किती पूर्वार्ध खर्ची पडलेत, त्याचा हिशेब नाही. उत्तर सामना चालू असतानाच द्यावं लागतं, ही खरी गोम. क्रिकेटवाल्याला षटक संपलं की बोलायला उसंत मिळते, बेसबॉलवाल्याला प्रत्येक चेंडूनंतर मिळते. इथे पंचेचाळीस मिनिटं चेंडू कुणाच्या शंकेसाठी थांबत नाही. शिवाय शंका विचारणारा स्वतःच्या खेळाची फूटपट्टी घेऊन आलेला असतो, त्यामुळे उत्तरही माणसागणिक बदलावं लागतं.

आधी कबुली देऊन टाकावी, त्याने समोरच्याची धार जाते. हो, गोल कमी होतात. 2022च्या कतारमधल्या विश्वचषकात 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे सामन्याला पावणेतीनही नाहीत. 1990ला इटलीत तर 52 सामन्यांत 115. बावीस धडधाकट माणसं दीड तास जीव खाऊन पळतात आणि हाती काय, तर दोन आणि थोडं चिल्लर.

हे ऐकून बास्केटबॉलवाला खुशीत हसतो. त्याच्याकडे तेवढ्या बास्केट दोन-तीन मिनिटांत होतात. त्याला त्याच्याच घरातली गोष्ट सांगायची. 22 नोव्हेंबर 1950 या दिवशी फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनिआपोलिस लेकर्स या संघांचा सामना 19-18 असा संपला. पिस्टन्सनी चेंडू हातात धरून ठेवला, कारण धरून ठेवू नका असं कुठल्या नियमात लिहिलेलंच नव्हतं. सगळेच असे वागू लागले तर तिकीट कोण काढणार? मग 1954मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला : रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात, सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा, भागा 120ने. आले 24. तेव्हापासून चोवीस सेकंदांत चेंडू टाकला नाही तर भोंगा वाजतो. म्हणजे ज्या खेळात सतत काहीतरी होतं, त्यात ते होण्यासाठी मागे घड्याळ लावावं लागलं आहे!

फुटबॉलला असलं घड्याळ लावायची गरज पडली नाही, कारण पायाला मूठ नसते. माझ्या मते या खेळाची सगळी गंमत इथे आहे. हातात धरलेला चेंडू ‘माझा’ असतो; पायाशी असलेला चेंडू फार तर ‘सध्या माझ्याकडे’ असतो. त्यावर कुणाचीच मालकी सिद्ध होत नाही, म्हणून तो सारखा हिसकावला जातो आणि म्हणून गोल दुर्मीळ. गोलचौकट बघाल तर प्रशस्त : 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच. हँडबॉलची चौकट त्यापुढे खिडकीएवढी, 3 मीटर बाय 2. पण हँडबॉलमध्ये दोन्ही मिळून पन्नासएक गोल सहज होतात. चौकट लहान असूनही. फरक हात आणि पाय एवढाच.

या हात-पाय प्रकरणावरून घर फुटलेलंसुद्धा आहे. 1863 साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये बारा-पंधरा क्लबांची मंडळी नियम ठरवायला बसली. चेंडू हातात घेऊन पळावं की नाही, आणि पळणाऱ्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा असावी की नाही, यावर जुंपली. लाथ बंद केली तर खेळातली हिंमतच जाईल, असं गंभीरपणे मांडणारेही त्यात होते. ब्लॅकहीथचा क्लब उठून गेला आणि 1871मध्ये रग्बीवाल्यांनी वेगळी चूल मांडली. गंमत म्हणजे नडगीवरची लाथ पुढे रग्बीनेही बंद केली. ‘सॉकर’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्याच इंग्लिश विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन फुटबॉल’ या नावातल्या ‘असोसिएशन’चा लचका तोडून बनवला. आता तोच शब्द अमेरिकी माणसाने उच्चारला की इंग्रजाच्या कपाळावर आठी चढते. स्वतः ठेवलेलं टोपणनाव शेजाऱ्याने वापरलं म्हणून रागावण्यातला हा प्रकार.

गोल दुर्मीळ असण्याचा फायदा काय? दुबळ्याला आशा. बास्केटबॉलमध्ये शंभरेक प्रयत्नांत नशिबाची खोड जिरते आणि बहुतेक वेळा बरा संघच जिंकतो. फुटबॉलमध्ये नशिबाला एक फट पुरते. 1950च्या विश्वचषकात बेलो होरिझोंटेला अमेरिकेने इंग्लंडला 1-0 हरवलं. 2022मध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 अशी धूळ चारली, आणि तोच अर्जेंटिना पुढे विश्वविजेता झाला. नव्वद मिनिटं काही होत नाही, तेव्हा होत असतं ते हेच : दुबळा अजून जिवंत आहे.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक क्रिकेटवाला. कारण पाच दिवस खेळून निकाल न लागणं ज्याने आयुष्यभर गोड मानून घेतलं, तोच 0-0 बघून म्हणतो, ‘मग एवढं पळायचं कशाला?’ त्याला 1939चा डर्बनचा कसोटी सामना आठवण करून द्यावा. निकाल लागेपर्यंत खेळायचं, मुदत नाही, असं ठरलेलं. दहा दिवस चालला. इंग्लंडला 696 धावा हव्या होत्या, 5 बाद 654 झाल्या होत्या, आणि परतीची बोट सुटायची वेळ झाली. सामना अनिर्णित. विरोधी गोलंदाजांना न जमलेलं काम बोटीच्या वेळापत्रकाने केलं.

पण खरं सांगायचं तर क्रिकेटवाल्याची तक्रार मला पटते. त्याच्या खेळात ‘काही न होण्या’लासुद्धा रकाना आहे. सहा चेंडूंत एकही धाव झाली नाही, तर त्याला निर्धाव षटक म्हणतात, ते गोलंदाजाच्या नावावर चढतं आणि पुढच्या पिढ्या ते वाचतात. फुटबॉलमधली अर्ध्या तासाची उत्तम झुंज धावफलकावर साधा ठिपकाही ठेवत नाही. आकड्यांवर पोसलेल्या माणसाला हा अन्याय वाटणारच. अलीकडे चेंडू कुणाकडे किती टक्के होता, पास किती झाले, असे आकडे दाखवतात. पण टक्केवारी जास्त असलेला संघ सर्रास हरतो, त्यामुळे शिष्य आणखीच बिथरतो.

अमेरिकन फुटबॉलवाल्याशी बोलताना वेगळीच पंचाईत. त्याचा सामना घड्याळावर 60 मिनिटांचा, बसावं लागतं तीन तास, आणि चेंडू प्रत्यक्ष हलतो तो जेमतेम अकरा मिनिटं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा आणि मध्ये मसलत. त्याला ती मसलतच आवडते. आता कुठला डाव टाकतील, हे सोफ्यावरून सांगण्यात त्याचं सुख आहे. फुटबॉलमध्ये त्याला तोंड उघडायला जागाच नाही, म्हणून तो अस्वस्थ. या मंडळींनी फुटबॉल दुरुस्त करायचा प्रयत्नही करून पाहिला. 1996ला त्यांची मेजर लीग सॉकर सुरू झाली, तेव्हा घड्याळ उलटं चालायचं, शून्यावर आलं की खेळ खलास. बरोबरी मंजूर नव्हती : 35 यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचं आणि पाच सेकंदांत गोली चुकवायचा. 1999च्या हंगामानंतर दोन्ही गुंडाळलं. मला विचाराल तर पाच सेकंदांची ती पळापळ बघायला झकास होती. पण ती लग्नात मध्येच फटाके लावल्यासारखी. फटाके चांगले, मुहूर्त चुकला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलवाला मात्र फार उदार. त्याच्याकडे दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोनांतून चेंडू गेला तर 6 गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबाच्या आत गेला तर 1 गुण. चुकल्याबद्दल गुण! खांबाला लागून चेंडू परत आल्यावर फुटबॉलवाला जे तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, ते त्याला कधीच समजणार नाही.

आणि कबड्डीवाला? हा माझा लाडका शिष्य. वरवर पाहता त्याचं जमायला नको, कारण त्याच्याकडे दर 30 सेकंदांत चढाईचा निकाल लागतो. पण त्याला रेषा कळते. ‘निदान’ नावाची रेषा ओलांडल्याशिवाय चढाई पुरी होत नाही. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकलेला आणि दुसरा हवेत हवा. आणि समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तरच बोनस. ज्याने हे पचवलंय, त्याला फुटबॉलचा ऑफसाइडचा नियम कळायला हरकत नाही. अडचण एकच : त्याच्या रेषा मॅटवर आखलेल्या आहेत. ऑफसाइडची रेषा माणसांबरोबर चालते.

म्हणजे आता कप काढावे लागणार.

साहित्य : पाच कप, एक बाटलीचं झाकण आणि एक टेबल. टेबलाची कड ही गोलरेषा. एक कप उपडा घालून कडेजवळ ठेवा, तो गोली. त्याच्यापुढे वीतभर अंतरावर दोन कप, हे बचावपटू. पलीकडे झाकण घेऊन उभा असलेला कप पास देणारा, आणि पाचवा, बचावपटूंच्या आसपास घुटमळणारा, आपला आघाडीपटू. आता नियम : सहकाऱ्याचा चेंडूला स्पर्श होतो त्या क्षणी आघाडीपटू समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, चेंडूच्या पुढे असेल आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी. तिथे नुसतं उभं राहणं गुन्हा नाही. तिथून खेळात लुडबूड केली की शिट्टी.

पहिली चूक ‘त्या क्षणी’वर होते. डोळा चेंडूमागे धावतो, म्हणून पास पोचतो तेव्हा आघाडीपटू कुठे आहे, ते सगळे बघतात. तोवर तो पळत पाच मीटर पुढे गेलेला असतो आणि शिष्य ओरडतो. म्हणून झाकण सरकवायच्या आधी एका हाताने आघाडीपटूचा कप दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने झाकणाला टिचकी, आणि मग शिष्याला विचारायचं, ‘आता कुठे आहे?’ एकाच वेळी पास देणारा पाय आणि लांबची रेषा अशा दोन जागी बघायचं, हे साहाय्यक पंचालाही जड जातं. म्हणून तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहून कडेने पळत असतो.

दुसरी चूक मोजण्याची. शेवटून दुसरा म्हणजे गोली धरून दुसरा. एरवी गोली शेवटचा असतो, पण तो कॉर्नरच्या वेळी पुढे धावून गेला तर? मग गोलीचा कप उचलून पुढे ठेवा आणि शिष्याला पुन्हा मोजू द्या. इथे निम्मे शिष्य कप विसळायला निघतात. त्यांना थांबवून सांगायचं, की 1925पर्यंत दोनऐवजी तीन मोजावे लागायचे. थोडक्यात वाचलात. आणि रेषेत असणं, म्हणजे बरोबरीत, हे 1990पासून चालतं.

तिसरी भानगड कपाच्या कानाची. आघाडीपटूचा कप रेषेत आहे, पण त्याचा कान पुढे आलाय. हा ऑफसाइड का? नाही, कारण कपाचा कान हा खेळाडूचा हात आहे आणि हात मोजायचा नाही, काखेच्या खालच्या टोकापर्यंत सोडून द्यायचा. खेळाडूचा खरा कान मात्र मोजतात. डोकं, धड, पाय : ज्याने गोल करता येतो ते सगळं मोजायचं. 2018ला व्हिडिओ पंच नियमपुस्तकात आल्यापासून तर खांद्यावरून रेघ मारून बघतात. सौदीविरुद्धच्या त्या सामन्यात पूर्वार्धातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडने धुऊन निघाले. तीन गोल झाले आणि त्यातला एकही झाला नाही, हे ऐकून शिष्य पुन्हा मूळ वाक्यावर येतो : यात काही होतंच नाही.

पण कप चार-पाच वेळा फिरले की एखाद्याच्या डोळ्यांत प्रकाश पडतो. तो खुर्ची पुढे ओढतो. स्वतःच ‘गोली धरून दोन’ असं पुटपुटायला लागतो. पडद्यावर चेंडू बाजूच्या रेषेबाहेर जातो, खेळाडू तो दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकतो, आणि पलीकडे एक आघाडीपटू सगळ्या बचावपटूंच्या मागे एकटा, निवांत उभा असतो. सहा मीटर पुढे. काख, कान, काही बघायची गरज नाही. शिष्य उडी मारून उठतो, बोट रोखतो, कप लवंडतात आणि तो विजयी आवाजात ओरडतो, ‘ऑफसाइड!’

पंच ढिम्म. सामना चालूच. शिष्य माझ्याकडे बघतो. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, कॉर्नरवर नसतो आणि गोल-किकवरही नसतो, एवढंच सांगायचं राहिलेलं असतं.